पुरात बुडालेली विंच पुन्हा ओढू लागेपर्यंत

ऑगस्ट 2024 च्या शेवटच्या आठवड्यात, जन्माष्टमीच्या दिवशी सुरू झालेल्या पावसाने विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्याच्या काळा घोडा पुलापाशी 35 फुटांच्या वर नेले, तेव्हा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात नदी थेट आली नाही. पण मागच्या अंगाचा पावसाळी नाला उलटा फिरला आणि आवारातल्या सर्वांत सखल खोलीत कमरेइतके पाणी दीड दिवस साचून राहिले. त्या खोलीत आमची इलेक्ट्रिक विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून भार ओढणारे यंत्र, बसवलेली आहे. पाणी ओसरल्यावर आम्ही आत शिरलो, तेही आधी लांब बांबूने कोपरे चाचपून, कारण त्या दिवसांत शहरात मगरी कुठेही निघत होत्या. मगर नव्हती. ड्रमवर चिखलाचा थर होता आणि मोटारीच्या पंख्याच्या जाळीत प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या.

आमच्याकडे रासायनिक कारखान्यांसाठी प्रेशर व्हेसल (दाब सोसणाऱ्या बंद टाक्या) आणि हीट एक्स्चेंजर (उष्णतेची देवघेव करणारी उपकरणे) बनतात. तयार व्हेसल शेडमधून बाहेरच्या आवारात आणण्यासाठी रुळांवर चालणारी एक बोगी आहे आणि तिला ओढणारी ही विंच: साडेसात अश्वशक्तीची थ्री-फेज मोटार, वेग कमी करून जोर वाढवणारा वर्म (मळसूत्री दात्याचा) गिअरबॉक्स, मोटारीच्या मागे विद्युतचुंबकी ब्रेक, 300 मिलिमीटर व्यासाचा साधा ड्रम आणि त्यावर 16 मिलिमीटरचा साठ मीटर पोलादी दोर. तिची ओढण्याची क्षमता तीन टन आहे. तीन टनांची विंच चाळीस टनांचे व्हेसल कशी ओढते, असे नवीन माणूस हमखास विचारतो. वजन उचलायचे नसून लोळवायचे असते. स्वच्छ रुळावर पोलादी चाकांना वजनाच्या एक-दोन टक्केच जोर लागतो, सुरुवातीच्या धक्क्याला त्याहून बराच जास्त. रुळावर वेल्डिंगच्या कांडीचा तुकडा पडलेला असला की हे गणित मोडते, म्हणून ओढण्यापूर्वी रूळ झाडण्याचे काम आमच्याकडे मुकादम स्वतः उभा राहून करवून घेतो.

मी या कारखान्यात बावीस वर्षे देखभालीचे काम पाहतो. विंच चालवणारे काका माझ्याही आधीपासूनचे. दांडिया बाजारात आमची घरे दोन गल्ल्यांच्या अंतरावर आहेत. पुढे जे झाले त्यात चूक माझी होती, काकांची नव्हती, हे आधीच लिहून ठेवतो.

पहिल्याच दिवशी कार्यालयातून निरोप आला की ऊन चांगले पडले आहे, एकदा बटण दाबून बघा, फिरली तर फिरली. मी त्याला सरळ नकार दिला. विंचचा मेन स्विच पाडला, तिन्ही फ्यूज काढून खिशात घातले आणि स्विचच्या दांड्याला कुलूप लावले. भिजलेल्या मोटारीला वीज दिली तर ती कधी कधी फिरतेही आणि दोन मिनिटांत जळते. त्याहून वाईट म्हणजे तिच्या कवचात वीज उतरते आणि चिखलात उभा राहून कवचाला हात लावणारा माणूस आपलाच असतो.

मोटारीच्या जोडणीची पेटी उघडून 500 व्होल्टच्या मेगरने (वीजरोध मोजणाऱ्या उपकरणाने) तारांवरच्या आवरणाचे, म्हणजे इन्सुलेशनचे, माप घेतले तर 0.2 मेगओम भरले. 415 व्होल्टच्या मोटारीला किमान एक मेगओम तरी हवा आणि निरोगी मोटार त्याच्या कित्येक पट दाखवते. मोटार उतरवून रिवाइंडिंगवाल्याकडे, म्हणजे मोटारीतल्या तारांची वेटोळी (वाइंडिंग) नव्याने भरून देणाऱ्याकडे, पाठवली. त्याने ती उघडून गोड्या पाण्याने धुतली आणि भट्टीत नव्वद अंशांच्या आत ठेवून तापवली. तिसऱ्या तासाला मी तिथे गेलो तेव्हा मेगरचा काटा आधीपेक्षाही खाली होता आणि माझा चेहरा उतरलेला पाहून तो हसला. वाइंडिंग तापू लागले की आतला ओलावा पसरतो आणि रीडिंग आधी खाली जाते. मग ते तळाशी थांबते आणि ओलावा निघून जाऊ लागला की चढते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते वीस मेगओमच्या पुढे गेले. त्यानंतर व्हार्निशचा एक हात आणि नवी बेअरिंग. मोटार उतरवताना तिच्या तीन तारांना मी कागदी चिकटपट्टीवर आकडे लिहून बांधले होते. त्या पट्ट्या व्हार्निशमध्ये गळून गेल्या, हे मला मोटार परत आल्यावर दिसले आणि मी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

गिअरबॉक्सचे काम त्या मानाने सरळ झाले. खालचा बूच काढल्यावर ताकासारखे पांढरट तेल आले, म्हणजे ऑइल सीलमधून पाणी आत गेले होते. पातळ तेलाने दोनदा धुऊन, सील बदलून 460 ग्रेडचे वर्म गिअरचे तेल भरले. वर्मचे चाक काशाचे असते, त्यामुळे हाताशी असलेले गाडीचे कुठलेही गिअर ऑइल ओतू नये. त्यातल्या काही तेलांमधले गंधकयुक्त घटक काशाला खातात. निघालेल्या तेलाच्या तळाशी सोनेरी कणी दिसली, पण बोटाच्या चिमटीत मावेल इतकीच. इतक्या वर्षांच्या चाकाला तेवढी माफ.

ब्रेकबद्दल मात्र थोडे थांबून लिहायला हवे, कारण वर्म गिअर आपोआप अडतो, ब्रेक नसला तरी चालते, असे सांगणारे लोक दर कारखान्यात भेटतात. वर्म गिअर बऱ्याचदा अडतो हे खरे, पण हादरा बसला, तेल नवे आणि निसरडे असले की तो मागे सरकूही शकतो, म्हणून आम्ही भरवसा ब्रेकवरच ठेवतो. या ब्रेकची रचना अशी असते की स्प्रिंग त्याला कायम दाबून ठेवते आणि वीज आली की कॉइल त्याला ओढून मोकळा करते. वीज गेली की तो आपणहून लागतो. आमच्या ब्रेकची तबकडी गंजून पट्टीला अक्षरशः चिकटली होती. लायनिंगमध्ये (ब्रेकच्या घर्षणाच्या थरात) चिखल आणि तेल दोन्ही मुरले होते. ते पेट्रोलने पुसून परत बसवावे असा एक मतप्रवाह होता, पण मुरलेले तेल गरम झाल्यावर पुन्हा वर येते, तेव्हा मी नवे लायनिंग मागवले आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) फट निर्मात्याच्या पत्रकात दिलेल्या मापाला, म्हणजे 0.4 मिलिमीटरला लावली. ही फट लायनिंग झिजेल तशी वाढत जाते आणि फार वाढली की कॉइलला ब्रेक ओढता येत नाही; मग मोटार लागलेल्या ब्रेकविरुद्ध फिरायचा प्रयत्न करते आणि ओव्हरलोड रिले, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त अँपिअर गेले की वीज तोडणारे साधन, पडत राहतो. असा रिले पडला की पुष्कळ ठिकाणी त्याचा आकडा वाढवून ठेवतात. आमच्याकडेही पूर्वी कोणीतरी तो वाढवला होता, हे या निमित्ताने कळले. तो मी मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरला परत आणला.

मग दोर. वरून पाहता दोराला काही झाले नव्हते. चिखल धुतल्यावर तो चकचकीतच दिसत होता आणि नव्या दोराचे पैसे वाचावेत असे मलाही वाटत होते. काका म्हणाले, "भाऊ, तुम्ही त्याला पिळून बघा. वरून तर आपण सगळेच धुतलेले दिसतो."

दोर तपासण्याची आमची पद्धत अशी. हातात कातडी मोजे घालायचे, कारण तुटलेली एक तारही तळहातात सुईसारखी शिरते. दोर हातातून सरकवत कधीच न्यायचा नाही, थांबून थांबून पाहायचा. एका लडीला (तारांच्या पिळलेल्या जुडीला) दोराभोवती एक फेरा पूर्ण करायला जे अंतर लागते, म्हणजे 16 मिलिमीटरच्या दोरात साधारण 100 मिलिमीटर, तेवढ्या लांबीत तुटलेल्या तारा मोजायच्या: सगळ्या लडी मिळून सहा किंवा एकाच लडीत तीन सापडल्या की दोर बाद. आमच्या दोरात सर्वांत वाईट जागी दोन सापडल्या. मग व्हर्नियर लावून जाडी मोजली. व्हर्नियरचे जबडे समोरासमोरच्या दोन लडींच्या फुगवट्यांवर धरायचे, खाचेत धरले तर माप कमी येते आणि चांगला दोर बाद होतो. तीन ठिकाणी 15.6 भरले, पण ड्रमच्या तळाशी जो भाग पाण्यात राहिला होता तिथे 14.8. सात टक्क्यांहून अधिक घट.

त्या जागी मी दोर दोन चिमट्यांमध्ये धरून पिळाच्या उलट फिरवला आणि लडींच्या मध्ये बोथट सळई घातली. आतून तपकिरी पाणी निघाले. दोराच्या गाभ्यात तागाचा दोरा असतो, तोच दोराची तेलाची टाकी असतो; चालताना तो दाबला जाऊन थोडे थोडे तेल तारांना देत राहतो. या टाकीत आता नाल्याचे पाणी भरले होते. ताग बोटाने चुरला जात होता आणि आतल्या तारांवर गंजाचे खड्डे पडले होते, जे बाहेरून कधीही दिसले नसते. मी तिथूनच हातभर तुकडा कापून घेतला आणि कार्यालयात मालकांच्या टेबलावर ठेवला. नव्या दोराची मंजुरी त्याच दुपारी मिळाली.

नवा दोर साधारण पंधरा टन तुटभाराचा, म्हणजे तीन टनांच्या पाचपट. तो गुंडाळीवरून काढताना गुंडाळी आडवी टाकून कड्यांसारखा उपसला तर दर फेऱ्याला एक पीळ चढतो आणि गाठ बसते. गाठ बसलेला दोर सरळ केला तरी आतून मेलेला असतो. म्हणून गुंडाळीत सळई घालून ती घोड्यांवर फिरती ठेवली आणि रिकामी बोगी मागे ओढ धरील अशी बांधून दोर ताणाखाली ड्रमवर चढवला. सैल चढवलेल्या दोरात पुढे भार आला की वरचा थर खालच्या थरात पाचरीसारखा घुसतो. टोकाच्या फाशात थिंबल (दोर चेपू नये म्हणून घालायची पन्हळी कडी) घालून चार यू-क्लॅम्प लावले. क्लॅम्पची खोगीर-बाजू भार घेणाऱ्या दोरावर आणि वाकडी यू-सळई आखूड टोकावर असावी लागते. यू-सळई भाराच्या दोरावर आली तर ती त्याला चेचते. आमचा एक मदतनीस शोभेसाठी एक क्लॅम्प सुलटा आणि एक उलटा असे लावत होता. दिसायला खरेच नीट दिसत होते.

कंट्रोल पॅनेलमधले कॉन्टॅक्टर (बटण दाबले की मोटारीची वीज जोडणारे स्विच) आणि हातात धरायचे पेंडंट नवे आले. ठेक्यावरच्या वायरमनने मोटार जोडली. दुपारचे तीन वाजले होते, गणपती दोन दिवसांवर आले होते, आवारात एक व्हेसल दहा दिवस खोळंबले होते आणि आम्ही सगळेच घाईत होतो. बोगी रिकामी होती, चाकांमागे-पुढे लाकडी गुटके होते, दोराचा हूक बोगीला लावलेलाच राहिला होता. काकांनी पेंडंट हातात घेतले. त्यावर दोन बटणे आहेत, वरचे "ओढ" आणि खालचे "ढील".

काकांनी "ढील" दाबले. दोर थरथरला आणि ताठ झाला. पहिल्या क्षणी कोणालाच काही वेगळे वाटले नाही, नवा दोर बसत असेल असे वाटले. मग पुढचा गुटका कट् करून उडाला आणि बोगी चालू लागली, आमच्या दिशेने. विंच मिनिटाला जेमतेम पाच मीटर ओढते, म्हणजे माणूस आरामात बाजूला होईल असा वेग. पण बोगी जवळ येताना दिसली की गेली पंचवीस वर्षे काकांचा अंगठा "ढील"वरच जातो, आणि तो तिथे आधीच होता. त्यांनी तो आणखी जोराने दाबला. बोगी फार जवळ आली की ओढ थांबवण्यासाठी लावलेल्या लिमिट स्विचचा दांडा बोगीने आडवा केला, त्याचा टक् असा आवाज मी स्वच्छ ऐकला, आणि विंच थांबली नाही. मी पॅनेलवरचे लाल बटण हाताच्या मुठीने मारले. ब्रेक लागला. हूक, दोर जिथे वळतो त्या पुलीच्या पत्र्याच्या संरक्षक झाकणात शिरून ते वाकवून थांबला होता. पुली आणि बोगी यांच्यामध्ये वायरमनची हत्यारांची पिशवी होती. वायरमन सुदैवाने पाणी प्यायला गेला होता.

काका पेंडंटकडे पाहत उभे होते. "मी तर सोडत होतो," एवढेच म्हणाले.

मोटारीच्या तीनपैकी दोन तारांची अदलाबदल झाली की ती उलटी फिरते. कागदी पट्ट्या गळून गेल्यावर तारा अंदाजाने जोडल्या गेल्या आणि अंदाज चुकला. ते कोणाशीही होऊ शकते. पण मला तेव्हा प्रथम नीट कळले की लिमिट स्विच निकामी नव्हताच. तो "ओढ"च्या कॉन्टॅक्टरची वीज तोडतो आणि त्याने ती इमानाने तोडली होती. विंच ओढत होती ती "ढील"च्या कॉन्टॅक्टरवर, ज्याच्याशी त्याचा संबंध नव्हता. उलट्या जोडणीत बटणे उलटी होतात हे मला माहीत होते. सुरक्षेची साधनेही त्याच क्षणी आंधळी होतात, हे बावीस वर्षांत कधी डोक्यात आले नव्हते.

दोन तारा बदलल्या. वायरमनने सुचवल्याप्रमाणे पॅनेलच्या मुखाशी फेजचा क्रम पाहणारा रिलेही बसवला, पण तो बाहेरून येणाऱ्या विजेचाच क्रम पाहतो. कॉन्टॅक्टरच्या पुढे मोटारीपाशी तारा बदलल्या तर त्याला त्याचा पत्ता लागत नाही, म्हणजे आमच्या प्रसंगात तो गप्पच राहिला असता. तेव्हापासून विंचच्या विजेला कोणीही हात लावला की पहिली चाचणी हूक सोडून, दोर जमिनीवर सैल ठेवून होते: एक जण बटणाला क्षणभर टिचकी मारतो, दुसरा ड्रमकडे पाहतो आणि मोठ्याने दिशा सांगतो. मग "ओढ" चालू असताना लाकडी काठीने लिमिटचा दांडा दाबायचा आणि ड्रम थांबतो का ते पाहायचे. तिसरी गोष्ट म्हणजे तारांना आता पितळी बिल्ले आहेत.

भाराच्या चाचणीवरून कार्यालयात थोडी चर्चा झाली. ही विंच काही उचलत नाही, केवळ ओढते, मग तिला तपासनीस कशाला, असा प्रश्न होता. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 29 मध्ये उचलण्याच्या यंत्रांच्या व्याख्येत विंचचे नाव स्पष्ट होते आणि सक्षम व्यक्तीकडून निदान बारा महिन्यांतून एकदा संपूर्ण तपासणी सांगितलेली होती. मी ते पान उघडून दाखवले. तपासनीस आले, त्यांनी हूक आणि जमिनीतल्या खुंट्याच्या मध्ये भारमापक लावला आणि ड्रमवर पहिलाच थर राहील इतका दोर सोडायला सांगितला. थर महत्त्वाचा आहे. आमच्या ड्रमवर पंचवीस वेढ्यांचा एक थर होतो; पहिल्या थरावर जी विंच तीन टन ओढते ती तिसऱ्या थरावर, त्रिज्या वाढल्यामुळे, अडीच टनच ओढते. म्हणजे बोगी दूर असताना विंच सर्वांत बळकट आणि जवळ आल्यावर सर्वांत दुबळी. म्हणूनच भरलेली बोगी वाटेत थांबवून पुलीजवळून पुन्हा हलवायला जाऊ नये, असे काका पूर्वीपासून सांगत आले आहेत. कारण त्यांना ठाऊक नव्हते, अनुभव होता.

टिचक्या मारत मारत ताण पावणेचार टनांवर, म्हणजे सव्वापट नेला. मग तो तीन टनांवर आणून वीज तोडली आणि दहा मिनिटे आकडा पाहत बसलो. तो आधी थोडा उतरला आणि माझ्या पोटात गोळा आला. तपासनीस शांत होते. नवा दोर ताणाखाली बसतो, लडी एकमेकींत रुततात आणि तो किंचित लांबतो. मोटारीच्या शाफ्टवर काढलेली खडूची रेघ जागची हलली नव्हती, म्हणजे ब्रेक धरून होता. त्यांनी यू-क्लॅम्पच्या चाक्या (नट) पुन्हा आवळायला लावल्या आणि प्रत्येक चाकी पाव फेरा तरी फिरली.

त्या वेळी त्यांनी पुलीच्या खुंट्याकडे बोट दाखवून विचारले की हा किती टनांचा आहे. मी तीन म्हणालो. दोर तिथे काटकोनात वळतो, तेव्हा खुंट्यावर तीन नव्हे, सव्वाचार टन येतात. खुंटा सुदैवाने पाच टनांचा निघाला, पण ते मला पाटी घासून वाचावे लागले. दोर वळतो त्या कोनाच्या आतल्या बाजूला पिवळ्या रंगाचा त्रिकोण आम्ही त्याच आठवड्यात जमिनीवर रंगवला. पुली सुटली किंवा दोर तुटला तर तो तिथूनच झाडत जातो, आणि ओढ चालू असताना त्या त्रिकोणात पाय ठेवणाऱ्याला काका आता सरळ शिवी देतात. दोर सोडतानाही ड्रमवर पाच वेढे शिल्लक असायलाच हवेत, कारण टोकाचा खिट्टा भार धरण्यासाठी नसतो, वेढ्यांचे घर्षण भार धरते. पाचवा वेढा ओळखू यावा म्हणून दोरावर तिथे लाल रंग लावला आहे. सगळे वेढे सोडून त्याच दिशेने ड्रम फिरवत राहिले तर दोर उलट्या बाजूने गुंडाळला जाऊन "ढील"चीच "ओढ" होते, हे सांगताना आता कोणाला समजावून द्यावे लागत नाही.

दसऱ्याला यंत्रपूजा झाली. हार ड्रमला न घालता पॅनेलला घातला आणि नारळ बाहेर फोडला.

पुढच्या उन्हाळ्यात विंचखाली 600 मिलिमीटर उंचीचा काँक्रीटचा चबुतरा बांधून ती वर उचलली. त्यामुळे दोर पुलीकडे तिरपा उतरू लागला आणि मध्ये एक आडवा रोलर घालावा लागला. तसेही पुली ड्रमपासून चारच मीटरवर आहे. ड्रमच्या रुंदीच्या वीसएक पट, म्हणजे आठ मीटरपर्यंत अंतर असते तर दोर आपणहून शेजारी शेजारी बसला असता, आता तो एका कडेला ढीग करतो आणि काकांचा मदतनीस लांब काठीने त्याला ढकलत असतो. ही काठी मला मान्य नाही. खोलीची मागची भिंत पाडून विंच मागे सरकवण्याचा अर्ज मी दिला आहे.